रापणीच्या दोरावर तीन नावं

पक्षाघाताने माझी वाचा गेली तेव्हा मी देवीवर रुसलो. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालावं लागे, ते मी सोसलं असतं. पण मला सकाळी तीन नावं घ्यायची असत, आणि नेमकी तीच तिने काढून घेतली, असं मला वाटलं.

ती नावं माझ्या जहाजावरच्या सोबत्यांची. शिवन तमिळनाडूचा, मॅथ्यू केरळचा, बलबीर पंजाबचा. कार्तिकातल्या एका वादळात मच्छिमारांची नौका बुडत होती, म्हणून आमच्या जहाजावरून होडी सोडली. होडीत आम्ही चौघे होतो. त्यांच्यापर्यंत पोचायच्या आतच एका लाटेने होडी उलथली. नौकेवरची माणसं नंतर जहाजाने वाचवली, मलाही वर ओढून घेतलं. ते तिघे मात्र सापडलेच नाहीत. ना चिता, ना कबर. नौदलातून निवृत्त होऊन मी रत्नागिरीला घरी आलो आणि रोज दिवा लावून, भगवतीला हात जोडून, त्यांची नावं मोठ्याने घेऊ लागलो. मलाच का वाचवलंस, या प्रश्नाचं उत्तर तिने कधी दिलं नाही. मीच ते ठरवून टाकलं होतं. मी राहिलो तो या तिघांची आठवण ठेवण्यासाठी, दुसरं कोण ठेवणार?

आजारपणात त्यांचे चेहरे डोळ्यांसमोर येत, नावं मनात स्पष्ट उमटत, पण ओठ उघडले की नुसता घोगरा आवाज. पाणी मागायलाही मला बोट दाखवावं लागे. माझी बायको दिव्यापाशी बसून म्हणाली, "अहो, मी घेते ना त्यांची नावं. मला पाठ आहेत." मी मान हलवून नको म्हटलं. इतका राग आला होता की पुढे मी देवघराकडे तोंडही केलं नाही.

कार्तिकात ते तिघे गेले ती तिथी आली. दर वर्षी मी त्या दिवशी भाट्याच्या किनाऱ्यावर उभा राहून ओंजळभर पाणी सोडतो. या वेळी जायची इच्छा नव्हती, पण हिने रिक्षा बोलावली आणि मला जवळजवळ ढकलूनच बसवलं. सकाळचं ऊन अजून कोवळं होतं. मी गुडघाभर पाण्यात गेलो, डाव्या तळव्यात पाणी घेतलं. नाव घेतल्याशिवाय ते सोडायचं कसं? बोटांतून गळून गेलं. पुन्हा घेतलं, पुन्हा गळालं. मागे ही पदराने डोळे पुसत होती.

थोड्या अंतरावर रापण ओढणं चाललं होतं. लांबच लांब जाळं समुद्रात सोडून त्याचे दोर किनाऱ्यावरून माणसं खेचत होती, बाया आणि पुरुष एका रांगेत. त्यांच्यातला एक म्हातारा आमच्याकडे बराच वेळ बघत असावा. तो रांग सोडून आला.

"भाऊ, नुसते काय उभे पाण्यात? या, दोर धरा."

ही घाईने म्हणाली, "त्यांचा उजवा हात चालत नाही हो. वाचाही गेलीय."

"डावा आहे ना, वयनी? मग डाव्याने धरू दे." आणि त्याने माझं मनगट धरून मला रांगेत नेलं.

ओला दोर हातात आला. पुढचा माणूस हाळी द्यायचा आणि सगळी रांग "हय्या!" म्हणत मागे झुकायची. मीही झुकू लागलो. जहाजावर आम्ही असेच दोर ओढायचो, असेच ओरडायचो. दोन-चार वेळा नुसताच श्वास बाहेर पडला. मग पुढच्याची हाळी थांबली, मधे क्षणभर जागा मोकळी राहिली, आणि त्या जागेत माझ्याच छातीतून आवाज आला.

"शिवन!"

"हय्या!" रांगेने उत्तर दिलं.

"मॅथ्यू!"

"हय्या!"

"बलबीर!"

"हय्या!"

त्या माणसांना वाटलं, ही कुठलीशी नवी हाळी आहे. ज्या समुद्राने त्यांना नेलं, त्याच्याच काठावर एवढे गळे माझ्या सोबत्यांच्या नावाला ओ देत होते.

म्हाताऱ्याने विचारलं, "कुठल्या देवांची नावं ही?" मला सांगायचं होतं, पण ओढ थांबताच वाचा पुन्हा गेली होती. हिनेच रडत सांगितलं, "देव नव्हेत. यांचे नौदलातले सोबती. समुद्रातच गेले."

म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. समुद्राकडे बघून हात जोडले. मग रांगेकडे वळून म्हणाला, "ऐकलंत ना? आता जाळं बाहेर येईस्तोवर हीच नावं घ्यायची." आणि त्यांनी घेतली. मी दोर धरून नुसता ऐकत होतो. माझ्या तोंडून एकही शब्द निघत नव्हता आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं.

जाळं वाळूवर आलं. रापणीला हात लावणाऱ्याला मासळीचा वाटा द्यायची रीत आहे. म्हाताऱ्याने हिच्या पिशवीत एक वाटा टाकला, मग दुसरा, तिसरा, चौथा. ही म्हणाली, "अहो, हे एकटेच होते ओढायला."

"नाय वयनी," तो म्हणाला, "चौघे होते."

त्यानंतर हळूहळू माझं बोलणं परतलं, अजूनही काही शब्द अडतात. डॉक्टर म्हणतात, ताल असला की गेलेली वाचाही कधीकधी फुटते. असेल. मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. मला एवढंच कळलं, की त्या तिघांना मी एकट्याने धरून ठेवलंय हा माझा समज होता. ज्या समुद्राने त्यांना पोटात घेतलं त्याला त्यांची नावं माझ्या आधीपासून ठाऊक होती. आता सकाळी दिव्यापुढे बसलो आणि एखादं नाव ओठांवर अडलं, तर मी झगडत नाही. शेजारी ही बसलेली असते. ती ते पुरं करते, आणि आम्ही दोघे हात जोडतो.