नर्सनंच मारलं

धाकटी सून त्या घरात आली तेव्हा तिच्याजवळ औषधशास्त्राचा डिप्लोमा होता, बाजारातल्या औषधाच्या दुकानात नोकरी होती आणि कमी बोलायची सवय होती. यातली पहिली दोन थोरल्या जावेला खुपली. तिसरी तर त्याहून जास्त खुपली. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं, पण गप्प बसणाऱ्याचं काय करणार?

थोरली तशी वाईट बाई नव्हती. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं अंग पुसण्यापासून भरवण्यापर्यंत सगळं थोरलीनं केलं, वर्षानुवर्षं केलं, आणि कुणी शब्दानं कौतुक केलं नाही. ते तिचंच काम, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. सासू गेली, धाकटी आली, आणि थोड्याच दिवसांत सासऱ्यांचं हृदय कुरकुरायला लागलं. त्यांच्या गोळ्यांचं वेळापत्रक साहजिकच धाकटीकडे गेलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, ‘ही आमची औषधवाली. हिच्या जिवावर चाललंय आमचं.’ हे ऐकत थोरली दाराशी उभी असायची, पाहुण्यांसाठी आणलेला पाण्याचा तांब्या हातात धरून.

पुढे सासऱ्यांनी रस्त्याकडची खिडकीवाली खोली धाकट्या जोडप्याला देऊन टाकली आणि आपली कॉट तिच्या शेजारच्या खोलीत हलवली. हाक मारली तर औषधवालीला ऐकू जावी, एवढंच त्यांचं म्हणणं. लग्न होऊन आल्यापासून थोरली त्या खिडकीवर डोळा ठेवून बसली होती. त्या दिवशी भांडी मात्र जरा जोरात घासली गेली.

सासरे गेले ते एका दुपारी, झोपेतच. धाकटी जेवायच्या सुट्टीत घरी येऊन त्यांना गोळी देऊन दुकानात परत गेली होती. चहाच्या वेळी थोरली कप घेऊन आत गेली आणि तिथूनच ओरडली. डॉक्टर आले. हे आज ना उद्या होणारच होतं, एवढे दिवस निघाले हेच खूप, असं म्हणाले आणि कागदावर सही करून गेले. रडणं झालं, माणसं आली, माणसं गेली. कुणाच्या मनात काही नव्हतं. निदान तोंडावर तरी नव्हतं.

मग काही महिन्यांनी ती मालिका पुन्हा सुरू झाली.

मालिका गुन्ह्यांच्या तपासाची. पहिल्या सीझननं अख्ख्या इमारतीला वेड लावलं होतं, आणि इमारतीतला सगळ्यात मोठा टीव्ही या घरात असल्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी शेजारी इथेच जमायचे. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर वेळेच्या आधी येऊन खुर्ची पकडायचे. समोरच्या शिकवणीबाई मुलांचे पेपर तपासायचे म्हणून आणायच्या आणि तसेच परत न्यायच्या. ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्याला सगळे क्लचवाला म्हणत. तो दारातच फतकल मारायचा. धाकटी दुकानातून आली की चहा तिनंच करायचा, हे ठरून गेलेलं होतं.

दुसऱ्या सीझनमध्ये एक श्रीमंत म्हातारा आपल्या पलंगावर मेलेला सापडला. संशयित बरेच होते: दोन मुलगे, जुना ड्रायव्हर, घरचा डॉक्टर आणि दिवसाची नर्स. पोस्टमास्तरांनी पहिल्याच भागात ड्रायव्हरवर बोट ठेवलं, कारण त्यांच्या मते गप्प माणूस नोकरीत कधी चांगला नसतो. क्लचवाल्याला ते पटणं शक्यच नव्हतं; गाडी चालवणारा माणूस खून करत नाही, खून डॉक्टरनं केला. शिकवणीबाईंना धाकटा मुलगा संशयास्पद वाटत होता. आणि थोरली म्हणाली, ‘नर्सनंच मारलं.’

तिसऱ्या भागाच्या शेवटी नर्स जिना उतरताना किंचित हसली. त्या हसण्यावर आठवडाभर चर्चा झाली. जिन्यात झाली, पाण्याच्या टाकीपाशी झाली, दुधाच्या रांगेत झाली. पोस्टमास्तर म्हणत, ते हसू नव्हतंच, उन्हामुळे डोळे बारीक झाले होते. थोरली म्हणायची, घरात माणूस मरून पडलंय आणि बाई डोळे बारीक करते, यातच सगळं आलं. तिच्या बोलण्याला धार होती, आणि ऐकायला लोक होते. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या मताची कुणी वाट बघत होतं. ‘वहिनी, तुम्हाला काय वाटतं?’ असं क्लचवाला जाहिरात लागली रे लागली की विचारायचा. थोरलीही पदर सावरून, जरा थांबून मग सांगायची.

हळूहळू तिचं सांगणं लांबत गेलं. औषध ज्याच्या हातात, माणसाचा जीव त्याच्या हातात, असं ती म्हणायची. कोणती गोळी कशाची हे घरच्यांना काय कळणार, पांढरी ती गोळी, दिली की घेतली. शिकलेल्या बायका सफाईनं करतात. गोड बोलायचं, विश्वास कमवायचा, चांगली खोली पदरात पाडून घ्यायची. मालिकेतल्या नर्सला कुठलीही खोली मिळाली नव्हती. ती रोज बसनं यायची आणि बसनं जायची. पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही. किंवा आलंही असेल.

लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे लेक पडद्यावर होती आणि सून कप विसळत होती.

धाकटीनं पहिल्यांदा दुर्लक्ष केलं. दुसऱ्यांदाही केलं. मग एका शुक्रवारी ती नवऱ्याशी बोलली. तो छापखान्यात कामाला होता. दिवसभर यंत्राच्या आवाजात राहून त्याला शांततेचा फार सोस होता. वहिनी मालिकेबद्दल बोलतात, तू उगाच अंगाला लावून घेऊ नकोस, असं तो म्हणाला.

‘मी लावून घेत नाही,’ ती म्हणाली. ‘लागतंय.’

त्यावर तो कूस बदलून पडला.

त्या आठवड्यात ती दुकानातून येत होती तेव्हा क्लचवाला जिन्यात भेटला आणि हसत म्हणाला, ‘काय नर्सबाई, आज उशीर?’ त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं, सवयीनं तोंडातून गेलं. पण सवय लागायला शब्द आधी वापरात असावा लागतो. आपल्या माघारी आपलं बारसं झालंय, हे धाकटीला तिथेच कळलं.  वर जाऊन तिनं कणीक मळायला घेतली आणि मळतच राहिली.

पुढे शिकवणीबाई दुकानात आल्या. त्यांच्या आईच्या हृदयाच्या गोळ्या गेली तीन वर्षं धाकटीच काढून द्यायची, कोणती जेवणाआधी, कोणती नंतर, ते पाकिटावर लिहूनही द्यायची. या वेळी बाई काउंटरच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. धाकटीनं हात पुढे केला, तर त्यांनी चिठ्ठी पर्समध्ये आहे की नाही ते बघायचं सोंग केलं. मालक मोकळे झाल्यावर त्यांच्या हातात चिठ्ठी देऊन म्हणाल्या, ‘तुम्हीच बघून द्या.’ मालकांनी गोळ्या दिल्या. बाई गेल्यावर त्यांनी धाकटीकडे बघितलं आणि काही भांडण झालंय का, असं विचारलं. नाही, असं ती म्हणाली. खरंच भांडण झालं नव्हतं.

शेवटून दुसऱ्या भागाला खोली गच्च भरली होती. पडद्यावर केस पिकलेली पोलिस अधिकारी संशयितांना एकेक करून बोलावत होती. नर्सची पाळी आली आणि नेमकी जाहिरात लागली. धाकटी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून निघाली होती. थोरलीचा नवरा, म्हणजे थोरले भाऊ, नेहमीसारखे भिंतीला टेकून बसले होते. ते बस डेपोत मेकॅनिक होते, आणि घरात त्यांचा आवाज फक्त शिंकताना ऐकू यायचा. धाकटा दाराच्या चौकटीत उभा होता.

थोरली म्हणाली, ‘निदान त्यांच्याकडे पोलिस तरी आले. आमच्याकडे कुणी विचारलं? दुपारी गोळी दिली, चार वाजता माणूस गार. गेले, संपलं.’

 आजवर बोट पडद्याकडे असायचं, ते आता वळलं होतं, आणि सगळ्यांनी ते वळताना बघितलं.

धाकटीनं ट्रे खाली जमिनीवर ठेवला आणि ती टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

‘वहिनी, नर्सचं नाव घेऊ नका. माझं घ्या.’

‘मी मालिकेबद्दल बोलतेय,’ थोरली म्हणाली.

‘मग सगळ्यांसमोर एवढंच म्हणा, की मालिकेबद्दल बोलतेय, हिच्याबद्दल नाही. तेवढं म्हणा, मी बाजूला होते.’

 धाकटीच्या पाठीमागे जाहिरात संपली आणि अधिकारी बाईचा आवाज सुरू झाला. पोस्टमास्तर मान तिरकी करून तिच्या कमरेशेजारून पडदा दिसतो का ते बघायला लागले.

‘चोराच्या मनात चांदणं,’ थोरली शेवटी म्हणाली. हळू म्हणाली, पण स्वच्छ.

धाकटीनं भिंतीला टेकलेल्या भावजींकडे बघितलं. भावजींनी पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. ज्या दिवशी बाबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी याच माणसाला बाजूला घेऊन, आता तयारी ठेवा, असं सांगितलं होतं. हे धाकटीला ठाऊक होतं, कारण डॉक्टरांना जिन्यापर्यंत सोडायला तीच गेली होती आणि तेव्हा ते तिलाही तेच म्हणाले होते. एक वाक्य पुरलं असतं. भावजी ते वाक्य गिळून बसून राहिले.

‘कोणती गोळी कशाची, ते तुम्ही कधीही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं,’ धाकटी थोरलीला म्हणाली. ‘मला एकदाही विचारलं नाहीत. टीव्हीला विचारलंत.’

धाकटा पुढे झाला, तिचा दंड धरून म्हणाला, ‘चल आत.’

‘आत नाही,’ ती म्हणाली. ‘आता बाहेरच जाऊ.’

ती बाजूला झाली. चहा जमिनीवर तसाच होता, कुणी घेतला नाही. नर्सची चौकशी मात्र सगळ्यांनी शेवटपर्यंत बघितली.

शेवटच्या भागात खुनी निघाला म्हाताऱ्याचा एक जुना मित्र. तो सगळ्या सीझनमध्ये दोनदा बुद्धिबळ खेळायला आला होता आणि एकदा छत्री विसरला होता. इमारतीत संतापाची लाट उसळली. क्लचवाल्यानं आपण फसवले गेलो म्हणून जाहीर केलं. पोस्टमास्तरांनी वाहिनीला फोन लावला आणि बराच वेळ संगीत ऐकून ठेवून दिला. थोरलीनं तर निकालच मानला नाही. तिच्या मते लेखकाला शेवटी कुणीतरी दाबलं होतं. नर्स सुटली असेल, पण सुटणं म्हणजे निर्दोष असणं नव्हे, असं ती पुढे कितीतरी दिवस सांगत होती. ऐकणारे मात्र घटले होते.

शिकवणीबाई पुन्हा दुकानात आल्या. या वेळी थेट धाकटीसमोर उभ्या राहिल्या आणि खूप जवळीक दाखवत म्हणाल्या, ‘बघ ना, तो बुद्धिबळवाला निघाला. आणि आम्ही त्या बिचाऱ्या नर्सच्या मागे लागलो होतो.’ धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. बुद्धिबळवाल्यानं खून केला म्हणून ती सुटली होती. उद्या मालिकेनं नर्सलाच पकडलं असतं, तर या बाईंनी आईच्या गोळ्यांसाठी दुसरं दुकान शोधलं असतं.

‘काय हवंय?’ तिनं विचारलं. गोळ्या काढून दिल्या. पाकिटावर या वेळी काही लिहिलं नाही.

धाकट्या जोडप्यानं दोन गल्ल्या पलीकडे जागा बघितली. दोनच खोल्या, स्वयंपाकघर अंधारं, नळ सकाळीच यायचा. धाकट्याला जायचं नव्हतं. त्यानं वहिनीशी बोलून बघितलं, पण थोरली म्हणाली, मी कुणाला जा म्हटलेलं नाही, आणि थांबही म्हणणार नाही. तेव्हा त्यानंही खोकी बांधायला घेतली. सामान निघालं त्या दिवशी थोरली खिडकीच्या खोलीच्या दारात उभी होती. धाकटी शेवटची पिशवी घेऊन तिच्या अंगावरून गेली. दोघींनी एकमेकींना वाट दिली, शब्द दिला नाही.

जड सामान भावजींनी उतरवलं. कपाट टेम्पोत चढवून झाल्यावर ते घाम पुसत तिच्याजवळ आले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाले, ‘बाबांची तू किती काळजी घेतलीस, मी बघितलंय. डॉक्टर मलापण बोलले होते.’

‘भावजी,’ ती म्हणाली, ‘हे त्या खोलीत बोलायचं होतं.’

त्यांनी मान हलवली. टेम्पोचा मागचा फाळका वर करून कडी घातली, ती नीट बसली का ते हलवून बघितलं, आणि जिना चढून वर गेले.

आता ते कधीमधी रविवारी येतात. धाकट्याशी डेपोतल्या गाड्यांबद्दल बोलतात, गळका नळ दुरुस्त करून देतात. धाकटी त्यांना चहा करून देते, साखर बेताची, त्यांना हवी तशी. थोरलीबद्दल ती विचारत नाही आणि ते सांगत नाहीत. कप रिकामा झाला की ते उठतात. आणखी घ्या, असं ती म्हणत नाही.