लिनेट स्ट्रीटचा तिसरा रविवार

बारा नंबरातल्या ग्लेनिस पोकॉकला गाड्या अडवायचं वेड आहे. हे मी तिच्या तोंडावर म्हणते, आणि ती मला बिस्किटं खाऊ घालते.

बावीस वर्षं ती आमच्या प्राथमिक शाळेपुढे लांब दांड्याची गोल पाटी घेऊन उभी असायची, पोरांना रस्ता ओलांडून द्यायला. पावसात, बर्फात, एकदा तर दाढ काढून आल्यावर तासाभरात, गालात कापूस कोंबून. मग पालिकेने ते पदच काढून टाकलं. तिला एक केक मिळाला आणि पाटी परत द्यावी लागली. केक तिने कापलासुद्धा नाही, कुत्र्याला घातला. कुत्रा माझा, म्हणून मला ठाऊक.

पुढच्याच वसंतात तिने आमचा रस्ता बंद करून दाखवला. महिन्याचा तिसरा रविवार, दुपारी दोन ते पाच. दोन्ही टोकांना ‘रस्ता बंद’ची पाटी, प्रत्येक पाटीशी पिवळं जाकीट घातलेलं एक माणूस, आणि मधे पोरंच पोरं. स्कूटर, दोरीच्या उड्या, डांबरभर रंगीत खडू. रस्त्यावरच्याच कुणाची गाडी आली, तर जाकीटवाल्याने पुढे पायी चालायचं आणि गाडीने त्याच्या चालीने मागून यायचं, प्रेतयात्रेसारखं.

ही प्रेतयात्रा दर महिन्याला निघायची ती एकतीस नंबरच्या क्लाइव्ह टकेटची. इतर रविवारी हा माणूस वर्तमानपत्र सकाळी नऊला आणतो. तिसऱ्या रविवारी मात्र अडीचला व्हॅन काढणार, तीनला दहा कमी असताना कोपऱ्यावर हजर.

“मिसेस पोकॉक, हा सार्वजनिक रस्ता आहे!”

“हो ना, मिस्टर टकेट. म्हणून तर पोरं आहेत. काच खाली घ्या, हळू चला, आणि भोंग्याला हात लावलात तर बघा.”

“मी पालिकेला लिहिणार आहे.”

“लिहा की. मागच्या वर्षी अक्षर छान होतं तुमचं.”

आणि ती पुढे, व्हॅन मागे. लग्नाच्या मिरवणुकीत नवरानवरीही इतकं हळू चालत नाहीत, असं मी एकदा म्हणाले, तर दोघंही माझ्यावर उखडले.

परवानगी दरवर्षी नव्याने घ्यावी लागे. ग्लेनिस अडतीस घरांत पत्र टाकायची: हरकत असेल त्याने कळवावं, बाकीच्यांनी काहीही करू नये. काहीही न करण्यात आमचा रस्ता पटाईत. अकरा वर्षं हरकत एकच, टकेटची. अकरा वर्षं परवानगी आली. आणि या बाईने समजूत करून घेतली, की उरलेल्या घरांचा या रविवारांवर जीव आहे.

आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. “तासभर पाटीशी उभी राहशील का गं, लोरेन?” असं ती विचारायची. “अगं, नक्की! जमलं तर हं,” मी म्हणायची. या ‘जमलं तर’चा अर्थ इथल्या दुधपित्या पोरालाही कळतो. ग्लेनिस मात्र दर वेळी माझ्यासाठी जाकीट धुऊन ठेवायची. पहिल्या वर्षी चौदा जाकिटं बाहेर निघायची. मग आठ. मग दोन: एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला नवरा रॉय. रॉय गेल्यावर त्या टोकाला तिने स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवली आणि खुर्चीच्या पाठीला जाकीट घातलं. दोन वर्षं लिनेट स्ट्रीटचं ते टोक एका खुर्चीने सांभाळलं. ती खुर्ची माझ्या खिडकीसमोरच होती.

गेल्या जानेवारीत पालिकेने नियम फिरवला. आता गप्प बसणं म्हणजे नकार. अडतीसपैकी तेरा घरांनी होकाराची चिठ्ठी सही करून द्यायची, महिनाअखेरीपर्यंत, ग्लेनिसच्या दारातल्या पत्रपेटीत. तिने तारखेभोवती लाल गोल काढून चिठ्ठ्या वाटल्या. दारं ठोठावून आठवण केली नाही. “अकरा वर्षांनी पुन्हा विचारायचं म्हणजे अपमान नाही का लोकांचा?” असं म्हणाली.

माझी चिठ्ठी फळांच्या टोपलीखाली गेली. वाटलं, एवढी घरं आहेत.

तीन चिठ्ठ्या आल्या. एक तिची स्वतःची. एक वीस नंबरच्या नव्या जोडप्याची, ज्यांचं बाळ अजून रांगत नाही. तिसरीवर ‘होय’पुढे खूण होती आणि खाली सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘फार गोंगाट होतो. चालू ठेवा. सी. टकेट.’

परवानगी गेली म्हटल्यावर रस्त्याला कंठ फुटला. व्हॉट्सॲपवर रडके चेहरे, फुटकी काळजं. कुणीतरी ऑनलाइन निषेधपत्र काढलं, तासात एकसष्ट सह्या, त्यातली एक न्यूझीलंडहून. नववी माझी. पालिकेने कळवलं, मुदत संपली. पुढच्या वर्षी नवा अर्ज करावा.

मी चिठ्ठी भरून, वर केळ्याचा डाग होता तो पुसून, ग्लेनिसकडे गेले. टेबलापाशी तीच खुर्ची होती. मी तिच्यावर बसले नाही.

“तुला आवडायचं ना गं?” तिने विचारलं.

“अगं, खूप! तुला माहितेय.”

“मला कुठे काय माहीत होतं?” तिने चिठ्ठी वाचली, उलटी करून पाहिली, परत माझ्यापुढे सरकवली. “मग दिली का नाहीस?”

“वाटलं, बाकीचे देतील.”

“बाकीच्यांनाही तेच वाटलं. सगळ्यांनी एकच विचार केला. केवढी एकी!” मग तिने ड्रॉवरमधून एक कोरा अर्ज काढला. “पुढच्या वर्षीचा आहे. मी एकाहत्तरची होईन. नावाची जागा मोकळी ठेवलीय. काय करायचं ते सगळं मी शिकवते. फक्त नाव तुझं.”

मी अर्ज पाहिला. एकच पान होतं.

“अगं, नक्की,” मी म्हणाले. “जमलं तर.”

अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने ते ऐकलं. माझ्याकडे बघत राहिली, मग अर्जाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि म्हणाली, “बिस्किटं संपलीत, लोरेन.” डबा टेबलावरच होता, भरलेला.

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी रस्ता उघडा होता. गाड्या भरधाव जात होत्या. बारा नंबरचे पडदे ओढलेले. मी माझ्या पडद्याआडून बघत होते, नेहमीसारखी. अडीचला टकेट वर्तमानपत्र आणायला निघाला. तीनला दहा कमी असताना त्याची व्हॅन कोपऱ्यावर आली आणि थांबली. तिथे कोणी नव्हतं. त्याने काच खाली घेतली, आणि तिथून एकतीस नंबरपर्यंत पायी चालीने गाडी आणली. मागे चार गाड्या भोंगे वाजवत होत्या.

त्याने वेग वाढवला नाही.