अण्णासोंचा वन्स मोअर

तिसरी घंटा व्हायच्या आधी पडद्याच्या फटीला एक डोळा लागायचा. मग आत कुजबुज.

"गूळवाले आलेत."

"कुठं?"

"तिथंच. तिसरी रांग, कडेची खुर्ची."

"एकटेच?"

"बायको हाय की. आत्तापासनंच पेंगतीय."

गूळवाले म्हणजे अण्णासो. मूळचे गडहिंग्लजचे. नव्वद सालाच्या आसपास कोल्हापुरात आले आणि मार्केट यार्डात एका अडत्याकडं कामाला लागले. गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, रांगांमधून चालत सौद्यात भाव पुकारायचा, हे त्यांचं काम. आवाज असा, की पलीकडच्या गाळ्यातला माणूस दचकून बोली लावेल. संध्याकाळी हात धुऊन, तोच आवाज घेऊन ते केशवराव भोसले नाट्यगृहात येऊन बसत. संगीत नाटक असो, गाण्याची बैठक असो, दसरा चौकातलं चित्रांचं प्रदर्शन असो, गावात काही चाललंय आणि अण्णासो घरात आहेत, असं व्हायचं नाही. स्वतः त्यांनी कधी एक सूर लावला नव्हता.

"मला गळा न्हाय. कान हाईत," असं म्हणायचे.

"ते बी घराबाहेर," त्यांची बायको मल्लव्वा जोडायची. "घरात चार हाका मारा, ऐकू येत न्हाई."

पडद्याआडच्या लोकांना अण्णासोंची धास्ती होती ती वन्स मोअरची. संगीत नाटकात पद रंगलं की प्रेक्षक वन्स मोअर ओरडतात, आणि नट मागं येऊन तेच पद पुन्हा म्हणतो. तेच, पण तसंच नाही. दुसऱ्यांदा त्यानं वेगळ्या वाटेनं जायचं, एखादी नवी जागा घ्यायची, मघाशी जिथं थांबला तिथं या वेळी थांबायचं नाही. कोल्हापूरचा प्रेक्षक त्यासाठीच ओरडतो. अण्णासो फार क्वचित ओरडत. पण ओरडले की सगळं थिएटर मागून ओरडे, आणि नट विंगेत येऊन छाती फुगवून सांगे, "गूळवाल्यांनी दिला."

एकदा बाहेरगावच्या एका नटानं त्यांचा वन्स मोअर घेतला आणि पद जसंच्या तसं, हातवाऱ्यांसकट, परत म्हटलं. ताना त्याच, मुरकी तीच. अण्णासो उभे राहिले.

"ओ पावणं! हे मघाशी झालं!"

थिएटर हसून लोळलं. नाटक कसंबसं पुढं सरकलं. घरी जाताना मल्लव्वा म्हणाली, "मानसाला किती लागलं आसंल."

"मग? शिळं वाढलं त्यानं. भूक मी सांगितलीवती, त्यानं उरल्यालं दिलं."

दोन हजार चार साली अण्णासोंच्या धाकट्या भावाची, मल्लेशची मुलगी सौंदर्या शिकायला त्यांच्याकडं राहायला आली. गडहिंग्लजला मल्लेशचं कापडाचं दुकान. मुलीनं बी.ए. करावं, मग बी.एड., मग लग्न, एवढा त्याचा हिशेब साधा होता. मुलगी बी.ए. करत होती हेही खरं. पण दुपारी ती राजारामपुरीतल्या एका ॲनिमेशनच्या क्लासला जात होती, हे मल्लेशला वर्षभरानं कळलं.

"म्हंजे काय करत्यात तिथं?" त्यानं विचारलं.

"चित्रं हलवत्यात," मल्लव्वानं तिला कळलं होतं तेवढं सांगितलं.

"चित्रं हलवून पोट भरतंय?"

भरणार होतं. क्लास संपता संपता हैदराबादच्या एका स्टुडिओनं सौंदर्याला बोलावलं. मल्लेश तडक कोल्हापूरला आला. पोरगी एकटी, परराज्यात, रात्रंदिवस कॉम्प्युटरपुढं. सगळं बोलून झालं आणि मग तो भावाकडं वळला.

"अण्णा, मला ह्यातलं कळत न्हाई. तुला कळतं. रविवारी हिच्या क्लासच्या पोरांच्या फिल्मा दाखवणार हाईत न्हवं दसरा चौकात? तू बघ. वन्स मोअर दिलास तर जाऊ दे तिला. न्हाई दिलास तर मी तिला गाडीत घालून न्हेतो."

"घरचं म्हणून मी वरडणार न्हाई हां, मल्लेश."

"म्हणूनच तुला सांगतोय."

सौंदर्या दारात उभी होती. थोरल्या काकाला त्यांच्याकडं कन्नडमध्ये दोड्डाप्पा म्हणतात. ती एवढंच म्हणाली, "चालंल, दोड्डाप्पा." आणि आत जाऊन कणीक मळायला बसली. मल्लव्वा नंतर सांगायची, त्या दिवशीच्या चपात्या दगडासारख्या झाल्या होत्या.

रविवारी सभागृह पोरांनी आणि पोरांच्या आयांनी भरलं होतं. पडद्यावर एकामागून एक फिल्मा येत होत्या. उडणाऱ्या गाड्या, धडपडणारे हत्ती, रोबोट. अण्णासो हाताची घडी घालून बसले होते. मल्लेश फिल्म कमी आणि भावाचं तोंड जास्त बघत होता.

मग सौंदर्याची आली. गुऱ्हाळ. काहिलीजवळ, उसाच्या रसाच्या मोठ्या कढईजवळ, उभा असलेला गुळव्या, म्हणजे रस आटवून गूळ करणारा माणूस. हातात लांब दांडा. मागं तबला सुरू होतो, ठाय, संथ लयीत. गुळव्या ढवळतो, रस हलायला लागतो. लय वाढते तसे बुडबुडे येतात, फुटतात, तबल्याच्या बोलावर फुटतात. कुणीतरी आलाप घेतं. उकळी वर येते, काहिलीच्या काठाला लागते, आता सांडणार, आता सांडणार, आणि समेवर येऊन थबकते. एक थेंब बाहेर नाही.

"वाऽऽ! वन्स मोअर!"

सौद्यातला तो आवाज होता. अण्णासो कधी उभे राहिले हे त्यांनाही कळलं नव्हतं. पुढच्या रांगेतलं लहान मूल रडायला लागलं. लोक वळून बघायला लागले, मग हसायला लागले, मग टाळ्या. मल्लेशनं डोळे मिटून घेतले. विंगेपाशी उभ्या असलेल्या सौंदर्यानं भिंतीला हात टेकला.

क्लास चालवणारे राजवीरसर कॉम्प्युटरपाशी बसले होते. त्यांना असला मान आयुष्यात पहिल्यांदा मिळत होता. त्यांनी माइक घेतला.

"गूळवाल्यांनी मागितलंय, दिलंच पाहिजे!"

आणि फिल्म पुन्हा सुरू केली.

अण्णासो पुढं सरकून बसले. तबला तोच. आलाप तोच. बुडबुडे त्याच जागी फुटले. उकळी त्याच वेगानं वर आली, समेवर त्याच जागी थबकली. अण्णासोंची पाठ हळूहळू खुर्चीला टेकली. हाताची घडी परत पडली. टाळ्या वाजल्या, त्यांनी वाजवल्या नाहीत. पण या वेळी बोलले काही नाहीत.

कार्यक्रम संपला. बाहेर चहाच्या गाड्यापाशी मल्लेशनं त्यांना गाठलं.

"अण्णा, दुसऱ्या येळंला तुझं तोंड बघितलं मी. पडलं की."

"तेच दावलं रं त्यांनी."

"मग फिल्म दुसरं काय दावणार?"

"ते डोक्यात आलंच न्हाई बघ माझ्या. वरडून बसलो."

"म्हंजे चुकून दिलास. मग माघारी घे."

अण्णासोंनी चहाचा कप गाड्यावर ठेवला. "पुकारलेला भाव माघारी घेत न्हाईत, मल्लेश."

"यार्डात. ही पोरगी हाय, रवा न्हाय." मल्लेशचा आवाज खाली आला. "मी तुझ्या जिभेवर तिला सोडणार हाय. तूच डळमळतोयस तर मी कशाच्या आधारानं सोडू? खरं सांग. चांगलं हाय का न्हाई?"

मनात नसताना अण्णासो कधी ओरडले नव्हते, आणि ओरडल्यावर कधी हात आखडता घेतला नव्हता. पोरगी जावी असं त्यांना वाटत होतं, म्हणूनच त्यांना आता स्वतःच्या कानाचा भरवसा राहिला नव्हता. ते तसेच सभागृहात परत गेले. राजवीरसर वायरी गुंडाळत होते. सौंदर्या खुर्च्या सरळ करत होती.

"सौंदर्या, हिकडं ये. खरं बोलू?"

"बोला की."

"पयल्यांदा आंगावर काटा आला. दुसऱ्यांदा काय न्हाई. काय सुद्धा न्हाई बघ."

तिनं खुर्ची खाली ठेवली. तिचे डोळे भरले असतील असं त्यांना वाटलं, पण ती चिडली होती.

"दुसऱ्यांदा कुठं बघत होता तुम्ही?"

"काहिलीकडं."

"आणि पहिल्यांदा?"

"काहिलीकडंच. तिथंच तर समदं हाय."

"मागं भिंत हाय, दोड्डाप्पा. भिंतीवर काय होतं?"

"भिंतीवर?"

"चार महिने मी ती भिंत केलीय. तुम्ही सम बघून उठलात आणि ओरडलात. सम बरोबर पकडायला तबला ऐकायचा आणि मोजायचं, ते कुणीबी करील." मग तिला आपण कुणाशी बोलतोय हे आठवलं असावं. "बघायचं असलं तर परत लावते. नको असलं तर ऱ्हाऊ दे. बाबांची गाडी चुकंल."

"लाव," अण्णासो म्हणाले.

राजवीरसरांनी वायरी परत जोडल्या. सभागृहात दिवे चालूच होते, त्यामुळं चित्र फिकट दिसत होतं. अण्णासो पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. तबला सुरू झाला.

काहिलीच्या जाळानं गुळव्याची सावली मागच्या भिंतीवर पडली होती. गुळव्या दोन्ही हातांनी दांडा ढवळत होता. सावलीच्या हातात दांडा नव्हता. ती मांडी घालून बसली होती. एक हात कानावर, दुसरा पुढं, सूर धरल्यासारखा. आलाप तिचा होता. उकळी वर यायला लागली तसा सावलीचा हात वर गेला आणि समेवर खाली आला. गुळव्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही.

फिल्म संपली. अण्णासो निळ्या पडद्याकडं बघत उभे होते. राजवीरसरांनी विचारलं, "परत लावू का, काका?"

"नको."

ते वळले तेव्हा मल्लेश दारात उभा होता. तो केव्हा आला होता कुणाला माहीत. त्यानं सौंदर्याकडं बघितलं, मग भावाकडं.

"काय?" एवढंच विचारलं त्यानं.

"जाऊ दे तिला."

"नक्की? मघाचं चुकून न्हवं?"

"मघाशी चुकूनच दिला. आत्ता बघून देतोय, वरडलो न्हाई तरी समजून घे."

मल्लेशला समजलं की नाही, कोण जाणे. त्यानं घड्याळ बघितलं. गडहिंग्लजची गाडी गेली होती.

रात्री चौघं जेवायला बसले. मल्लेशनं भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "हैदराबादला आपलं कोण हाय?"

"कोण न्हाई," अण्णासो म्हणाले.

"तिथं तेलुगू बोलत्यात."

"कन्नड येतंय की तिला," मल्लव्वा म्हणाली. "निम्मं कळंल. निम्मं शिकंल." तिनं मल्लेशच्या ताटात आमटी वाढली. "माझ्या मावशीच्या जावंची लेक दिलीय तिकडं. बिदरच्या पुढं कुठंतरी. पत्ता काढायला पायजे."

"बिदर म्हंजे हैदराबाद न्हवं, वैनी."

"जवळ हाय. नकाशा बघा."

सौंदर्या उठून नकाशा आणायला गेली.