बाबांनी मिटलेला लॅपटॉप

टेबलावर सुताची पांढरी धूळ दिसली की ती दुपार आठवते. नारपोलीत आम्ही राहायचो तिथे शेजारच्या कापडाच्या लूमची धूळ घरात यायची, म्हणून माझे बाबा माझा लॅपटॉप मिटून ठेवत. मी उघडला की निळा स्क्रीन, आणि केलेलं काम गेलेलं. "त्याला हात लावू नका!" मी एकदा ओरडले. तेव्हापासून ते टेबलाला वळसा घालून जाऊ लागले. आठवड्याने कळलं, अपडेटसोबत आलेला, स्क्रीन चालवणारा डिस्प्ले ड्रायव्हरच खराब होता. कोणीही मिटला तरी लॅपटॉप स्लीपमध्ये जाऊन बंद पडायचा. मी जुना ड्रायव्हर परत बसवला आणि म्हटलं, "बाबा, आता तुम्हीच मिटा." त्यांनी लुंगीला हात पुसून तो मिटला, थोडं थांबून उघडला. माझी फाइल जशीच्या तशी होती. "म्हंजे मी बिघडवला न्हाय," ते म्हणाले. "नाही, बाबा. चूक माझी होती." त्यावर ते इतके मोकळे हसले, की आजही नवा लॅपटॉप मिटायचं काम मी त्यांच्याकडेच ठेवलंय.