बारावं गोदाम

साहेबांचं नुसतं नाव निघालं तरी माझ्या डोक्यात अजून तिडीक जाते.

कचेरीत टायपिंगला आम्ही अकरा बायका. सगळ्यात जुन्या खटखटताई. बोटं अशी आपटायच्या की शेजारच्या खोलीत कळायचं, आज बाई चिडल्यात. एक दिवस फर्मान आलं: टायपिंग बंद. परीक्षेत जिचं बरोबर उत्तर सगळ्यात आधी येईल, तिला कॉम्प्युटर विभागात घेणार. बाकीच्यांनी घरी जायचं. ताईंचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर यांच्या एकटीच्या पगारावर. पन्नाशीतल्या बाई, पण डब्याच्या सुट्टीत पुस्तक उघडून प्रोग्रॅम लिहायला शिकल्या. मलाही त्यांनीच शिकवलं.

परीक्षेत एकच कोडं. फाइलमध्ये गोदामाचा नंबर, त्याखाली एकेका ओळीत खोक्यांची वजनं, मग रिकामी ओळ, मग पुढचं गोदाम. अशी बारा. सगळ्यात जड कोणतं, ते प्रोग्रॅम लिहून काढायचं.

ताईंचं उत्तर पहिलं आलं: बारावं. मग माझं: सातवं. बाकीच्या फाइल बघूनच गार झाल्या. साहेबांच्या कागदावर होतं सातवं.

ताई उठल्या. "साहेब, तुमचा प्रोग्रॅम रिकामी ओळ दिसली की बेरीज लिहून ठेवतोय ना? बाराव्याखाली रिकामी ओळच नाही. ते मोजलंच गेलं नाही. फाइल आमच्यातल्याच कुणीतरी टाइप केलीय. शेवटच्या ओळीनंतर एंटर मारायचं नाही, ही आमची सवय."

"नाचता येईना अंगण वाकडं!" साहेब हसले. मेल्याला हसू येतंच कसं? चार आकडे बेरजेला घ्यायचे, तर हात झिजणार होते का? माझ्याकडे वळून म्हणाले, "काय हो, तुमचं काय म्हणणं?"

मी फाइलच्या तळाशी गेले. बारावं गोदाम तिथेच होतं. वजनं डोळ्यांनीच कळत होती. ताईंचं बरोबर होतं. ताई माझ्याकडे बघत होत्या.

"माझं सातवंच आलं, साहेब," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. हलकटपणा होता.

महिनाअखेर ताईंनी चष्मा, डबा आणि खुर्चीवरची उशी पिशवीत भरली. म्हटलं, आता शिव्या घालतील. घालायला हव्या होत्या! दारापर्यंत गेल्या, मागे वळल्या आणि म्हणाल्या, "अगं, फाइल संपली की उरलेलं एकदा मोजून घेत जा. शेवटचा राहून जातो."

दुसऱ्या दिवशी मी नव्या विभागात गेले आणि पहिलं काम ते केलं. माझ्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली. पडद्यावर बारावं आलं. साहेब मागे येऊन उभे राहिले, चष्मा वर करून बघितलं. ताईंचं नाव तरी काढतील, असं वाटलं मला.

"शाब्बास," ते म्हणाले. "बारीक नजर आहे हो तुमची!"

उचलून ती खुर्ची त्यांच्या टाळक्यात घालावी, असं वाटलं. पण तिच्यावर मी बसले होते.