नणंदेच्या कादंबरीतली आई

माझी नणंद दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते आणि स्वतःच कादंबऱ्या लिहून छापते. माणसं खरोखर करतील तेवढाच चांगुलपणा लिहायचा, हा तिचा हट्ट. यंदा त्यापायी शेवटच अडला. जिचा मुलगा गाडीखाली गेला, ती आई ड्रायव्हरला माफ करील का?

"करू दे की, संपव एकदाचं," मी म्हटलं.

"वहिनी, तुम्ही केलं असतं?"

मी कुकर लावायला उठले. मग तिने पेशंटना विचारलं. सगळे नाही म्हणाले. गाल सुजलेली एक बाई तेवढी म्हणाली, "माफ कसली करतेय? पण तो तुरुंगात, मग त्याच्या पोरीला शाळेत कोण सोडतं? मी सोडीन."

पुस्तकातली आई आता तेच करते. मला पटलं. पण कादंबरीत ड्रायव्हरला मुलगी नव्हतीच, मग त्या बाईला ती पोर सुचली कशी? तिची दवाखान्यातली पुढची तारीख मी नणंदेला विचारून ठेवली आहे.