डॉक्टर आग्यार्कोंचा चेहरा

आमच्या एजिसू गावात डूफीला सगळे ‘भुणभुण नर्स’ म्हणतात. साखरेच्या रुग्णाच्या दारात ती उभी राहिली की गोळी गिळल्याशिवाय हलत नाही, वर तोंड उघडायला लावून बघते. मला तिचा रागच यायचा. पण त्या दिवशी शेजारच्या बोआतेमाबाईंकडे तिला मीच धावत जाऊन बोलावून आणलं.

बोआतेमाबाई म्हणजे कापडबाजारातलं दांडगं प्रस्थ. त्यांच्या पायाची जखम चिघळली होती, अंग तापानं फणफणत होतं, आणि इन्सुलिनची इंजेक्शनं त्यांनी कचऱ्यात फेकली होती. का, तर फोनवरच्या एका व्हिडिओत आमच्या इस्पितळातले डॉक्टर आग्यार्को सांगत होते की इंजेक्शन म्हणजे विष, त्यापेक्षा हा पाल्याचा काढा घ्या.

डूफी म्हणाली, “मावशी, तो व्हिडिओ बनावट आहे. डॉक्टरांचा नुसता चेहरा चोरलाय. चला इस्पितळात.”

“बनावट? ज्यानं माझा लेक वाचवला त्याचं तोंड मी ओळखत नाही होय? तू कोण गं मोठी शहाणी?”

डूफीनं खऱ्या डॉक्टरांनाच व्हिडिओ कॉल लावला. डोळे सुजलेले, आवाज बसलेला, चित्र मध्येच अडकतंय. ते काकुळतीला आले होते. “आई, मी असं काही बोललो नाही हो!”

बाई फिस्सकन हसल्या. “हाच तोतया! आमचे डॉक्टर कसे तुकतुकीत दिसतात, किती गोड बोलतात! ठेव तो फोन.”

पाय काळा पडत चालला होता आणि ही बाई खऱ्या माणसालाच हाकलत होती!

डूफीनं वाद सोडला. बाईंच्या फोनवर तोच व्हिडिओ लावला आणि डॉक्टर बाटली पुढे करतात तिथं थांबवला.

“मावशी, हा तुम्हाला औषध कुठल्या हातानं देतोय?”

डाव्या! आमच्याकडे डाव्या हातानं कुणी भिकाऱ्यालाही काही देत नाही. मीही तो व्हिडिओ पाहिला होता, पण माझं लक्ष त्या गोड बोलण्याकडेच.

बाईंनी फोन ओढून डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाल्या, “आग्यार्कोची आई माझी गिऱ्हाईक होती. हे बघून तिनं हात मोडला असता त्याचा.” आणि मला म्हणाल्या, “बघत काय बसलीस? टॅक्सी आण.”

पायाची दोन बोटं कापावी लागली, पाय वाचला. डॉक्टर आग्यार्को खाटेपाशी आले आणि मान खाली घालून म्हणाले, “आई, माफ करा मला.”

“तू कशाला माफी मागतोस, लेकरा? तू खरं बोललास आणि मी तुला हाकललं.” बाई पहिल्यांदाच रडल्या.

एवढ्यात शेजारच्या खाटेवरची म्हातारी डॉक्टरांना बघून हरखून उठून बसली. “डॉक्टर, तुम्ही फोनवर सांगितलंत ना,” ती म्हणाली, “तेव्हापासून मी सगळ्या गोळ्या बंद केल्यात बघा.”